गिरणीचा दरवाजा व सरकारचा कायदा

उद्योगधंदा करणाऱ्याची जबाबदारी कोठपर्यंत पोंचते? ठरलेली मजुरी मोजून दिली, सरकारचा कर भरला आणि भागीदारांस त्यांचा नफा वांटला, म्हणजे तो ऋणमुक्त झाला काय? कीं ज्या माणसांच्या श्रमावर त्याचा धंदा उभा राहतो, त्यांच्या जिवाचें, प्रकृतीचें व माणुसकीचेंहि कांहीं देणें त्याच्या शिरावर उरतें? आणि उरत असेल, तर तें वसूल कोणीं करावयाचें? हा प्रश्न सांप्रत जगांतील बहुतेक सरकारांपुढें आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेनें २०११ सालीं उद्योग व मानवी हक्क यांविषयीं एकतीस मार्गदर्शक तत्त्वें मान्य केलीं. त्यांस अनुसरून ब्रिटननें २०१३ सालीं आपला राष्ट्रीय आराखडा सर्वांच्या आधीं प्रसिद्ध केला. आणि आपल्या केंद्र सरकारनें २०१९ च्या मार्च महिन्यांत जबाबदार उद्योगव्यवहाराचीं राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वें जाहीर केलीं. त्यांतील नऊ तत्त्वांपैकीं पांचवें मानवी हक्कांचा आदर राखण्याविषयींचें आहे. हीं नांवें नवीं आहेत. प्रश्न मात्र नवा नाहीं. आपल्या मुंबई शहरांत तो दीडशें वर्षांपूर्वींच उपस्थित झाला, कडाक्यानें वादला गेला, आणि त्या वादांत आपल्या सुशिक्षित वर्गानें जी बाजू घेतली ती फारशी भूषणावह नव्हती. ती हकीकत पुन्हां एकदां डोळ्यांखालून घालणें आज उपयोगाचें होईल, असें आम्हांस वाटतें.

कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत सूत काढण्याची व कापड विणण्याची कंपनी स्थापिली आणि १८५६ सालीं ताडदेव येथें त्यांची गिरणी सुरू झाली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळी या बाजूंस धुराड्यांची रांग उभी राहिली व कोंकणांतून आणि घाटावरून मजुरांचे लोंढे शहरांत येऊं लागले. तेव्हां विजेचे दिवे नव्हते. म्हणून कामाचा दिवस सूर्यच ठरवीत असे. उजाडतां यंत्र सुरू व्हावें आणि अंधार पडतां थांबावें, हा शिरस्ता. त्यामुळें उन्हाळ्यांत तेरा तासांहून अधिक काम पडे. आठवड्याची ठराविक सुटी नव्हती. सुटी म्हणून जो दिवस मिळे, त्या दिवशींहि यंत्रें साफ करण्यासाठीं मजुरांस बोलावीत. मजुरी महिन्याच्या अखेरीस नव्हे, तर त्यानंतर पुष्कळ दिवसांनीं हातीं येई. बायका व पोरें हींहि याच वेळापत्रकानें राबत.

या सर्व व्यवहारांत सरकारी कायदा अगदींच नव्हता असें मात्र नाहीं. १८५९ चा तेरावा कायदा होता. आगाऊ रक्कम घेऊन जो कारागीर किंवा मजूर काम टाकील, त्यास मॅजिस्ट्रेटपुढें उभें करावें व काम करण्याचा अगर पैसे परत देण्याचा हुकूम त्यानें मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा द्यावी, असें तो सांगे. म्हणजे मजुरानें करार मोडला तर तो गुन्हा, आणि मालकानें त्याच मजुराचा हात यंत्रांत जाऊं दिला तर तें त्याचें दैव! राजसत्ता मालक-मजुरांच्या व्यवहारांत हात घालीत नाहीं, हें जें तत्त्व त्या काळीं मोठ्या गांभीर्यानें सांगितलें जाई, त्याचा खरा अर्थ हा असा होता. हात घातलेलाच होता. तो एकाच बाजूनें घातलेला होता, इतकेंच.

विलायतेंत याच सुमारास स्थिति निराळी होती, आणि ती निराळी कां झाली हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तेथें गिरण्यांतील उमेदवार मुलांच्या रक्षणाचा पहिला कायदा १८०२ सालींच झाला होता. रोजचें काम बारा तासांहून अधिक नसावें, मुलांस शिक्षण द्यावें, अशीं उत्तम कलमें त्यांत होतीं. परंतु गिरण्या पाहण्याचें काम परगण्यांतील प्रतिष्ठित गृहस्थांवर सोंपविलें होतें; ते गिरणीमालकांचे शेजारी व स्नेही असत. तेव्हां कायदा छापील राहिला. पुढें १८३३ सालीं नवा कायदा झाला, व त्यांत चार पगारी सरकारी निरीक्षक नेमले गेले. त्यांपैकीं लेनर्ड हॉर्नर या गृहस्थानें जवळजवळ पंचवीस वर्षें हें काम निष्ठेनें केलें, आणि त्याच्या अहवालांनीं पार्लमेंटचे डोळे उघडले. पहिल्या कायद्यापासून दुसऱ्यापर्यंत एकतीस वर्षें गेलीं. मालकाच्या भल्या बुद्धीवर सोंपविलेला नियम हा नियम नव्हे, एवढें एक सत्य कळावयास त्या देशालाहि इतका काळ लागला.

हिंदुस्थानांत या प्रश्नाला तोंड फुटलें तें मात्र निर्मळ हेतूनें फुटलें नाहीं, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे. मुंबई इलाख्याच्या कापूसखात्यावरील अधिकारी मेजर मूर यांनीं १८७२-७३ च्या आपल्या अहवालांत गिरण्यांतील लांबलचक तासांविषयीं व बायकापोरांच्या हालांविषयीं लिहिलें. तें विलायतेंत वाचलें गेलें, आणि १८७५ सालीं लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनीं उमरावांच्या सभेंत हा विषय काढिला. शाफ्ट्सबरी हे स्वदेशांतील मजुरांचे जुने कैवारी होते. त्यांच्या कळवळ्याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. पण त्यांच्या भाषणांत दयेबरोबर हिंदी स्पर्धेची भीतिहि होती. त्यांच्यामागें लँकेशायरचे गिरणीवाले उभे होते, आणि त्यांच्या मनांत मुंबईच्या पोरांची कींव किती व मुंबईच्या सुताचें भय किती, हें सांगावयास ज्योतिषी नको होता. विलायती कापडावरील हिंदुस्थानांतील आयातजकात उठवावी म्हणून हीच मंडळी त्या वेळीं सरकारच्या मागें लागली होती. १८७९ सालीं जकातीचा कांहीं भाग उठला, १८८२ सालीं ती बहुतेक सर्व उठली, आणि पुढें १८९६ सालीं तर हिंदी गिरण्यांच्या कापडावर शेंकडा साडेतीन टक्के जकात बसविण्यांत आली. अशा लोकांनीं मजुरांची दया दाखविली म्हणजे ऐकणारास राग यावा, हें स्वाभाविकच होतें.

मुंबई सरकारनें १८७५ सालीं चौकशीसाठीं एक कमिशन नेमलें. त्याच्या सभासदांत गिरण्यांशीं ज्यांचे हितसंबंध होते अशांचाच भरणा होता. ज्यांच्याविषयीं चौकशी व्हावयाची त्यांचा एकहि प्रतिनिधि त्यांत नव्हता. मालकांच्या बाजूनें जें सांगण्यांत आलें त्याचें सार असें: हा धंदा अद्यापि बाल्यावस्थेंत आहे, कायद्याचा भार त्यास सोसणार नाहीं, मजूर संतुष्ट आहेत, शेतावरच्यापेक्षां त्यांस येथें अधिक मिळतें, ते कामाच्या वेळांत मधून मधून बाहेर जाऊन विडी ओढतात, तेव्हां तासांची संख्या पाहून भुलूं नये, आणि मुलें घरीं उनाडक्या करण्यापेक्षां आईबापांच्या नजरेसमोर गिरणींत बरीं. कमिशनचें बहुमत कायद्याच्या विरुद्ध पडलें. दीडशें वर्षांत या युक्तिवादांतील शब्द पुष्कळ बदलले आहेत. युक्तिवाद फारसा बदललेला नाहीं.

या प्रसंगीं ज्या एका गृहस्थाचें नांव आदरानें घेतलें पाहिजे, तें सोराबजी शापुरजी बंगाली यांचें. ते पारशी समाजांतील नामांकित सुधारक व वर्तमानपत्रकार होते; गिरण्या काढणारे शेठ बहुतेक त्यांच्याच समाजांतील व त्यांच्याच बैठकींतील. तरीहि त्यांनीं १८७८ सालीं कारखान्यांतील मुलांच्या रक्षणासाठीं कायद्याचा मसुदा तयार केला व मुंबईच्या कायदेकौन्सिलांत तो मांडण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाहीं. परंतु विषय आतां दडपण्यासारखा राहिला नव्हता; हिंदुस्थान सरकारनेंच १८७९ सालीं बिल आणलें, आणि तें १८८१ चा पंधरावा कायदा म्हणून मंजूर होऊन १ जुलै १८८१ पासून अमलांत आलें. लँकेशायरच्या हेतूवर बोट ठेवून जे लोक गप्प बसले, त्यांना बंगाल्यांनीं आपल्या कृतीनेंच उत्तर दिलें होतें. तक्रार सांगणारा स्वार्थी असला, म्हणून तक्रार खोटी ठरत नाहीं. शेजाऱ्यानें हेव्यानें जरी सांगितलें कीं तुझ्या घराला आग लागली आहे, तरी शहाणा मनुष्य आधीं आग विझवितो व शेजाऱ्याच्या स्वभावाचा विचार मागाहून करतो.

कायदा मात्र अगदीं पांगळा होता. वाफेच्या किंवा तत्सम शक्तीनें चालणाऱ्या आणि शंभर अगर त्याहून अधिक माणसें असणाऱ्या कारखान्यांसच तो लागू होता. निळीचे, चहाचे व कॉफीचे कारखाने त्यांतून वगळले होते. सात वर्षांच्या आंतील मुलास कामावर लावूं नये. सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये, त्यांस एक तास विसावा व महिन्यांतून चार सुट्या द्याव्या. धोक्याच्या यंत्रांभोंवतीं कुंपण असावें. अपघात घडल्यास वर्दी द्यावी. बस्स, इतकेंच. प्रौढ पुरुषांविषयीं किंवा स्त्रियांविषयीं अवाक्षर नव्हतें. ज्या देशांत जन्माची नोंद राहत नाहीं त्या देशांत मूल सात वर्षांचें कीं सहा वर्षांचें, हें कोण सांगणार? आणि पाहावयाचें कोणीं? निराळा निरीक्षक नेमलेला नसेल तेथें तें काम जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटकडे, म्हणजे त्याच्या शंभर कामांत आणखी एक. विलायतेंतून आणलेले निरीक्षक मीड किंग यांनीं १८८२ सालीं पाहणी केली, तेव्हां या कायद्याचीं भोंकें त्यांस तेव्हांच दिसलीं.

एवढ्याशा कायद्याविरुद्धहि आपल्या देशी वर्तमानपत्रांपैकीं बहुतेकांनीं काहूर उठविलें. पुणें, मुंबई, कलकत्ता येथील लेखकांचें म्हणणें एकच: हा मँचेस्टरचा डाव आहे, हिंदी उद्योगाचा गळा दाबण्याची ही युक्ति आहे. हे लेखक कठोर अंतःकरणाचे नव्हते. त्याच सुमारास आसामांतील चहाच्या मळ्यांवर हिंदी मजुरांची जी दैना चालली होती, तिच्याविरुद्ध देशी पत्रांनीं फार तळमळीनें लिहिलें. १८८२ च्या पहिल्या कायद्यानें पळून जाणाऱ्या मजुरास वॉरंटावांचून पकडण्याचा अधिकार मळेवाल्यांस दिला होता. द्वारकानाथ गांगुली यांच्यासारख्या बंगाली गृहस्थांनीं स्वतः आसामांत जाऊन हा जुलूम उघडकीस आणला. मग मुंबईच्या गिरण्यांतील मुलांविषयीं हीच लेखणी कां अडखळली? मळेवाले गोरे होते आणि गिरणीवाले आपले होते, याखेरीज दुसरें उत्तर आम्हांस सांपडत नाहीं. मजुराच्या पाठीवरील ओझ्याला मात्र स्वदेशी-परदेशी असा रंग नसतो.

या ठिकाणीं ज्यानें आपल्या सुशिक्षितांस आरसा दाखविला, तो मनुष्य मजुरांमधूनच पुढें आला. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा. ते जोतीराव फुल्यांचे अनुयायी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. रेल्वेंत व टपालखात्यांत नोकरी करून पुढें गिरणींत भांडारावर कामास लागलेले. गिरणी त्यांनीं कमिशनपुढील पुराव्यांतून नव्हे, तर आंतून पाहिली होती. १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र त्यांच्या हातीं आलें व मजुरांचें गाऱ्हाणें मराठींत छापलें जाऊं लागलें. १८८४ सालीं मुंबई सरकारनें दुसरें कमिशन नेमलें, तेव्हां लोखंड्यांनीं परळच्या बाजूस मजुरांच्या सभा भरविल्या आणि साडेपांच हजार सह्यांचा अर्ज कमिशनकडे धाडला. त्या अर्जांतील मागण्या आज वाचतांना मन विषण्ण होतें, कारण त्या इतक्या लहान आहेत: दर रविवारीं सुटी मिळावी; दुपारीं अर्धा तास विसावा मिळावा; काम सकाळीं साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावें; मागील महिन्याची मजुरी पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत मिळावी; आणि कामावर दुखापत झाली तर बरें होईपर्यंत कांहीं वेतन मिळावें.

या अर्जानें तेव्हां लगेच कांहीं साधलें नाहीं. पण लोखंडे थकले नाहींत. १८९० च्या एप्रिल महिन्यांत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार मजुरांची सभा भरली. तींत दोन स्त्रियाहि बोलावयास उभ्या राहिल्या. आपल्या शहरांतील सुशिक्षित घराण्यांतील स्त्रियांस सभेंत बोलण्याचा प्रसंग क्वचितच येई, अशा काळीं हें घडलें. साप्ताहिक सुटीची मागणी पुन्हां एकमुखानें झाली, आणि त्याच वर्षीं १० जून रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. सरकारनें त्या वर्षीं नेमलेल्या कमिशनशीं लोखंड्यांस संलग्न करून घेतलें. १८७५ सालीं ज्या टेबलाभोंवतीं बहुतेक मालकच बसले होते, तेथें पंधरा वर्षांनीं मजुरांच्या बाजूनें बोलणारा एक मनुष्य बसला. १८९१ च्या कायद्यांत त्याचें फळ दिसतें: पन्नास माणसांच्या कारखान्यापर्यंत कायदा खालीं आला, मुलांचें किमान वय नऊ झालें व त्यांच्या कामाचे तास सात झाले, स्त्रियांस अकरा तासांची मर्यादा मिळाली, आणि साप्ताहिक सुटी व दुपारचा अर्धा तास विसावा ही मालकाची मेहेरबानी न राहतां कायद्याची आज्ञा झाली. सुटी मालकांनीं आधींच मान्य केली होती, मग कायद्याची गरज काय, असें कोणी विचारील. गरज ही कीं, मालकानें दिलेलें मालकास परत घेतां येतें. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारींत प्लेगानें वारले.

दिलेलें परत कसें घेतलें जातें, याचा प्रत्यय लवकरच आला. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यानें घातलेली मर्यादाहि सुटली. १९०५ च्या सुमारास धंद्याला तेजी आली, तेव्हां मुंबईच्या पुष्कळ गिरण्या दिवसास चौदा-चौदा तास चालूं लागल्या. हेंच स्वदेशीच्या चळवळीचें वर्ष होय. विलायती कापडाची होळी करून आपण जें देशी धोतर अभिमानानें नेसलों, तें कोणत्या वेळीं व किती तास जागून विणलें गेलें, हा प्रश्न आपण कितीशा सभांत विचारला? आणि या मजुरांनीं देशाशीं कसें वर्तन केलें? १९०८ च्या जुलैंत लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हां याच मजुरांनीं आपली मजुरी बुडवून सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. लष्कराच्या गोळ्या खाल्ल्या. मजूर राष्ट्राच्या हांकेला धांवून गेले. राष्ट्र त्यांच्या हांकेला किती धांवलें, हा हिशेब अद्यापि पुरा मिटलेला नाहीं.

त्याच वर्षीं कारखान्यांतील मजुरांविषयीं नेमलेल्या कमिशनचा अहवाल आला. प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांवर कायद्यानें थेट मर्यादा घालूं नये, असें बहुमत, मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनीं मात्र आपली भिन्नमतपत्रिका जोडिली. १९११ च्या कायद्यानें कापडाच्या गिरण्यांत बारा तासांची मर्यादा घातली, म्हणजे एकट्याचें मत अखेर खरें ठरलें. पुढील टप्पे थोडक्यांत सांगतां येतील. पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय मजूरसंघटना स्थापन झाली. १९२२ सालीं आठवड्याचे साठ तास झाले, १९२३ सालीं अपघाताच्या भरपाईचा कायदा आला, १९२५ सालीं १८५९ चा तो एकतर्फी कायदा रद्द करण्याचें ठरलें, १९२९ सालीं मुंबई इलाख्यानें प्रसूतिरजेच्या वेतनाचा कायदा केला. या विधेयकाच्या बाजूनें डॉ. आंबेडकर कौन्सिलांत बोलले होते. तेच पुढें मध्यवर्ती सरकारांत श्रमसदस्य असतांना १९४६ सालीं आठवड्याच्या अठ्ठेचाळीस तासांची दुरुस्ती झाली, व स्वतंत्र हिंदुस्थानच्या १९४८ च्या कायद्यानें ती कायम केली. सात वर्षांच्या मुलापासून निघालेला हा रस्ता राज्यघटनेच्या चोविसाव्या कलमापाशीं, म्हणजे चौदा वर्षांच्या आंतील मुलास कारखान्यांत किंवा खाणींत लावूं नये या आज्ञेपाशीं, येऊन पोंचला. त्यास सुमारें सत्तर वर्षें लागलीं. घटनेंतील पुष्कळसे हक्क सरकारापासून नागरिकाचें रक्षण करतात. पण वेठ-बिगारीचें तेविसावें कलम व हें चोविसावें कलम खासगी मालकासहि बांधतें, ही गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावयाची आहे.

तरी कायदा असणें आणि रक्षण असणें या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, हें १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळनें शिकविलें. २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्रीं युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून विषारी वायु सुटला आणि हजारों माणसें मेलीं. तो कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेरचा नव्हता. त्यालाहि परवाने होते, निरीक्षक होते. मागाहून सरकारनें १९८५ सालीं कायदा करून पीडितांच्या वतीनें भांडण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला, आणि १९८९ सालीं सत्तेचाळीस कोटी डॉलरांवर तडजोड झाली. फौजदारी खटल्याचा पहिला निकाल लागावयास २०१० साल उजाडलें, आणि शिक्षा झाली ती दोन वर्षांची. याच्या जोडीला एक चांगली गोष्टहि नमूद करणें न्यायाचें होईल. दिल्लींतील श्रीराम कारखान्याच्या वायुगळतीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालीं असें ठरविलें कीं, धोक्याचा धंदा करणारास अपघाताच्या वेळीं कोणतीहि सबब सांगतां येणार नाहीं. जबाबदारी पूर्णपणें त्याची. १९८७ सालीं धोक्याच्या प्रक्रियांविषयीं स्वतंत्र प्रकरण १९४८ च्या कायद्यांत घालण्यांत आलें. मात्र या दोन्ही गोष्टी भोपाळच्या पीडितांच्या उपयोगी पडावयास उशीर झाला होता.

आतां आजच्या धोरणांकडे वळूं. संयुक्त राष्ट्रांचीं मार्गदर्शक तत्त्वें तीन पायांवर उभीं आहेत: हक्कांचें रक्षण करणें हें राज्याचें कर्तव्य, हक्कांचा आदर राखणें ही धंद्याची जबाबदारी, आणि हानि झाल्यास पीडितास दाद मिळण्याची सोय. आपल्या सरकारनें २०१३ च्या कंपनी-कायद्यानें मोठ्या कंपन्यांस नफ्याचे शेंकडा दोन टक्के समाजकार्यासाठीं खर्च करण्यास सांगितलें. परंतु दान व जबाबदारी या भिन्न गोष्टी आहेत. गांवांत शाळा बांधून देणारा कारखानदार आपल्या कारखान्याच्या सांडपाण्यानें त्याच गांवची विहीर नासवूं शकतो. २०१९ चीं राष्ट्रीय तत्त्वें या दृष्टीनें एक पाऊल पुढें आहेत. तीं नफा कसा खर्च केला हें विचारीत नाहींत, तर कसा मिळविला हें विचारतात. तथापि तीं आज्ञा नव्हत, उपदेश आहे. सेबीनें शेअर बाजारांतील पहिल्या एक हजार कंपन्यांस २०२२-२३ पासून या तत्त्वांप्रमाणें वार्षिक निवेदन प्रसिद्ध करण्याची सक्ति केली, ही त्यांतील खरी धार. पण निवेदन लिहिणारी कंपनीच असते.

परदेशांत कांहीं राष्ट्रें याच्या पुढें गेलीं. २०१३ च्या एप्रिलांत बांगला देशांत राणा प्लाझा नांवाची इमारत कोसळली व तींतील कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतील अकराशांहून अधिक माणसें चिरडून मेलीं. भिंतींना तडे गेल्याचें आदल्या दिवशींच दिसलें होतें, तरी दुसऱ्या दिवशीं मजुरांस आंत घेण्यांत आलें. ते कपडे युरोप-अमेरिकेंतील दुकानांसाठीं होते. तेव्हां फ्रान्सनें २०१७ सालीं आपल्या बड्या कंपन्यांवर, त्यांचा माल पुरविणाऱ्या परदेशी कारखान्यांतहि दक्षता बाळगण्याची कायदेशीर सक्ति केली. जर्मनीनें २०२१ सालीं तसाच कायदा केला. युरोपीय संघानेंहि २०२४ सालीं तशी आज्ञा काढिली, आणि पुढल्याच वर्षीं स्पर्धेच्या नांवाखालीं तिची धार कमी करण्याच्या हालचाली सुरू झाल्या. या कायद्यांविषयीं आपल्याकडे जें बोललें जातें तें ऐकून आम्हांस १८७५ ची आठवण होते. हा गोऱ्या राष्ट्रांचा आपला बाजार राखण्याचा डाव आहे, असें म्हणतात. असेलहि! लँकेशायरचाहि डाव होताच. परंतु त्या डावाला खरें उत्तर, मुलांस गिरणींत ठेवून मिळालें नाहीं. तें बंगाल्यांच्या मसुद्यानें व लोखंड्यांच्या अर्जानें मिळालें. परक्यानें सांगण्याच्या आधीं आपण आपलें घर नीट केलें, तर परक्याच्या हातीं सांगावयास कांहीं उरत नाहीं.

आणि घर नीट करावयाचें काम आपल्या महाराष्ट्रांतच थोडें नाहीं. ज्या गिरण्यांविषयीं आम्ही लिहिलें, त्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या. आज धंद्याला दरवाजाच उरला नाहीं. काम ठेकेदाराकडे, ठेकेदाराकडून पोटठेकेदाराकडे जातें. साखरेचाच धंदा घ्या. बीडसारख्या दुष्काळी मुलखांतून दरवर्षीं दिवाळीनंतर लाखों माणसें ऊस तोडावयास बाहेर पडतात. मुकादम त्यांस उचल देतो; नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो; उचल फिटेपर्यंत काम सुटत नाहीं. कारखान्यास विचारावें तर, हे आमचे मजूर नव्हत, आमचा करार मुकादमाशीं आहे, असें उत्तर मिळतें. एक दिवसहि खाडा होऊं नये म्हणून या स्त्रियांपैकीं हजारोंनीं आपलीं गर्भाशयें काढून घेतल्याचें २०१९ सालीं उघडकीस आलें, तेव्हां राज्य सरकारनें चौकशीसाठीं समिति नेमली. ऊसतोड मजुरांसाठीं एक महामंडळहि स्थापन झालें. १८५९ च्या कायद्यांतील ती आगाऊ रक्कम आणि आजची ही उचल यांत कायद्याचें अंतर पुष्कळ आहे. ज्याच्या गळ्यांत ती पडते त्याच्या दृष्टीनें किती आहे, हें वाचकांनींच ठरवावें.

अशा वेळीं सरकारी धोरणाची किंमत कशानें करावी? जुन्या हकीकतीवरून आम्हांस दोन कसोट्या दिसतात. धोरण ठरवितांना ज्याचा हक्क त्याला विचारलें काय, ही पहिली. १८७५ च्या कमिशनमध्यें व १८९० च्या कमिशनमध्यें जो फरक पडला तो एवढ्यानेंच पडला. आणि नियम पाळला जातो कीं नाहीं हें पाहणारा, मालकाच्या उपकारांत नसलेला, मनुष्य नेमला काय, ही दुसरी. १८०२ व १८३३ यांतील अंतर तें हेंच. या दुसऱ्या कसोटीच्या संबंधानें एक गोष्ट चिंता उत्पन्न करणारी आहे. १९४८ चा कायदा ज्या संहितेंत विलीन झाला, ती संसदेनें २०२० सालीं मंजूर केली व २०२५ च्या नोव्हेंबरांत ती अमलांत आली. तिच्यानें यंत्रशक्तीच्या कारखान्याची व्याख्या दहा माणसांवरून वीस माणसांवर नेली, आणि निरीक्षकाचें नांव बदलून ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ असें केलें. मालकास सल्ला देण्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु एकाच मनुष्यानें सल्लागारहि व्हावें आणि पहारेकरीहि व्हावें, म्हणजे दोहोंपैकीं कोणतें काम मागें पडतें, हें विलायतेच्या त्या प्रतिष्ठित गृहस्थांनीं एकदां दाखवून दिलें आहे.

एक अखेरचा शब्द आपल्या वर्गाविषयीं. १८८१ सालीं आपण गिरण्यांचे मालक नव्हतों. केवळ वर्तमानपत्रें लिहिणारे व वाचणारे होतों. आज आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं कंपन्यांचे शेअर आहेत, म्युच्युअल फंडांतील ठेवी आहेत. चहांत पडणारी साखर व अंगावरचें कापड तर सर्वांच्याच घरीं आहे. म्हणजे त्या टेबलाच्या मालकांच्या बाजूस एक लहानसें आसन आपलेंहि आहे. सोराबजी बंगाली त्याच बाजूस बसले होते, आणि त्यांनीं तेथूनच दुसऱ्या बाजूची कैफियत मांडली. कंपनीचें वार्षिक निवेदन घरीं येतें तेव्हां आपण लाभांशाचा आंकडा पाहून तें बाजूस ठेवतों. त्यांतच मानवी हक्कांविषयींचीं पानें असतात. तीं एकदां उघडून, हीं लिहितांना कोणाला विचारलें होतें, एवढा प्रश्न मनांत आणला, तरी साडेपांच हजार सह्यांच्या त्या अर्जाचें थोडेंसें ऋण फिटेल.